तिसऱ्या मजल्यावरचा डाग

गल्लीत त्याला सगळे भिंतवाले म्हणत. खरं नाव विजेच्या बिलावर होतं, पण ते वाचायच्या भानगडीत कोणी पडत नसे. कोपऱ्यावरचा न्हावी तर गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावता लावता वस्तऱ्यानेच बाहेर दाखवायचा, "ते बघा, भिंतवाले निघाले. आज कुठल्या तरी भिंतीचं नशीब उघडलं!" यात कुचेष्टा होती, पण खोटं काही नव्हतं. माणूस साठीला आलेला, केस पिंजारलेले, खांद्याला कॅमेरा आणि नजर कायम समोरच्याच्या डोक्यावरून पलीकडे. तुम्ही त्याला घरातलं दुखणं सांगत असाल, तर हा तुमच्या मागच्या भिंतीचा पोपडा बघत "हं, हं" करणार. लोकांना राग यायचा. येणारच की!

तो चित्रं काढायचा, पडक्या इमारतींची. बंद कारखाने, काचा फुटलेली गोदामं, गिलावा सुटून आतल्या विटा उघड्या पडलेले जिने. आणि चित्र म्हणजे हुबेहूब फोटो. पाइपाच्या सांध्यातून ओघळलेला गंज बघून माणसाचा हात आपसूक रुमालाकडे जायचा, पुसायला. एवढं कसब हातात असून माणसाने फुलं काढावीत, डोंगर काढावेत, निदान एखादं मांजर तरी काढावं. पण नाही. याला ओल हवी, बुरशी हवी, तडे हवेत.

त्याची काम करायची एक पद्धत होती. ती जरा नीट ऐका, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यातूनच झाला. तो आधी इमारतीचा फोटो काढायचा आणि मोठा करून आणायचा. त्यावर पेन्सिलीने चौकोन आखायचा आणि तो भिंतीवर उलटा टांगायचा, खालची बाजू वर. कॅनव्हासही उलटा. मग फोटोवर काळा पुठ्ठा, पुठ्ठ्याला एकच चौकोनी भोक. त्या भोकातून जेवढं दिसेल तेवढंच काढायचं, भिंगातून बघून, चार केसांच्या ब्रशने. तो म्हणायचा, "डोळा लबाड असतो. खिडकी आहे असं त्याला कळलं, की तो समोरची सोडून मनातली खिडकी काढतो. उलटं करून झाकून टाकलं की खिडकी उरतच नाही, नुसता रंग उरतो." म्हणजे आपण काय काढतोय हे काढणाऱ्यालाच ठाऊक नाही. असं करत महिनेच्या महिने जायचे. शेवटी कॅनव्हास सुलटा करायचा, की इमारत उभी!

माणसं मात्र त्याच्या चित्रात नसत. मुद्दाम रविवारी उजाडता उजाडता जायचा, रस्त्यात चिटपाखरू नसताना. कोणी विचारलंच तर म्हणायचा, "माणसं हलतात."

हेच उत्तर त्याने बायकोलाही दिलं होतं. बायको पोस्टाच्या काउंटरवर नोकरी करून निवृत्त झालेली, बोलकी, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या घरचं सगळं तिला तोंडपाठ. लग्नानंतर लगेचच तिने म्हटलं होतं, "अहो, एकदा माझं चित्र काढा की."

"माणसं हलतात गं."

"मी नाही हलणार."

"तू बोलतेस."

तेव्हा ती खळखळून हसली होती. पुढे दर एक-दोन वर्षांनी ती हे विचारायची, तो तेच म्हणायचा आणि तिचं हसू थोडं थोडं कमी होत गेलं. मग तिने विचारणंच सोडलं. ते कधी सोडलं, हे काही त्याच्या लक्षात आलं नाही.

मुलीचं बाळंतपण आलं तेव्हा बायको दोन महिन्यांसाठी म्हणून परगावी गेली. ते बाळ आता घरभर धावतं, भांडी पाडतं, पण बायको परत आली नाही. भांडण नाही, तंटा नाही. भांडण असतं तर मिटवता तरी आलं असतं! गाडीत बसताना ती एवढंच म्हणाली होती, "मी नाहीये हे कळायला तुम्हाला आठवडा लागेल." तो हसला. आणि तिसऱ्या दिवशी कॅनव्हाससमोर बसल्या बसल्या त्याने स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं, "दूध संपलं का गं?" उत्तर येईना म्हणून पुन्हा विचारलं, जरा चढ्या आवाजात. मग त्याला आठवलं. ही गोष्ट त्याने कोणालाही सांगितली नाही, पण आतल्या आत ती कुसळासारखी टोचत राहिली.

घर मोठं नव्हतं, पण एकट्याला फार झालं. तो मोरीपाशी उभ्या उभ्याच पाव खायचा, म्हणजे ताट धुवायला नको. बाहेर जाताना स्वयंपाकघरातला दिवा चालू ठेवायचा, परत आल्यावर घरात कोणीतरी असल्यासारखं वाटावं म्हणून. फ्रिजने घरघर केली की म्हणायचा, "बोला." बायकोचा फोन यायचा. "जेवलात?" "जेवलो." "काय जेवलात?" "जेवलो गं." "बरं, ठेवते," ती म्हणायची. फोन ठेवल्यावर त्याला सांगायच्या दहा गोष्टी आठवायच्या आणि तो त्या फ्रिजला सांगायचा.

त्या वर्षी त्याच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन ठरलं. त्याने धीर करून बायकोला म्हटलं, "या वेळी ये ना बघायला."

"काय आहे बघण्यासारखं? भिंतीच ना? त्या मी आयुष्यभर पाहिल्या. एक तरी माणूस आहे का त्यात?" मग ती हसली. "माणूस असलेलं चित्र काढाल ना, तेव्हा कळवा. पहिल्या गाडीने येते."

तिने हे गमतीत म्हटलं होतं. त्याने मात्र ते मनात पक्कं धरून ठेवलं. तिला परत आणायचं तर एक माणूस काढायला हवा होता. आता एवढा हातखंडा असलेल्या माणसाला त्यात काय अवघड, असं तुम्ही म्हणाल. पण त्याने दोनदा कोरा कागद घेतला आणि दोनदा बाजूला ठेवला. माणसावर चौकोन कुठून आखायचे हेच त्याला कळेना.

प्रदर्शनातलं सगळ्यात मोठं चित्र होतं बंद पडलेल्या साबणाच्या कारखान्यामागच्या कामगारांच्या चाळीचं. तीन मजले, कठडे तुटलेले, पन्हळी लोंबकळणाऱ्या, खिडक्यांच्या काचांवर धुळीची पुटं. त्यासाठी तो तीन रविवार तिथे जाऊन उभा राहिला होता. चित्राला नाव दिलं होतं, 'कोणी नाही'. चित्र वर्तमानपत्रात छापून आलं, नावासकट. बघायला गर्दीही झाली. लोक येत, नाक टेकवून बघत, "बाप रे" म्हणत आणि पुढे सरकत. तो आपला कोपऱ्यातल्या खुर्चीवर, कोणाचा हात लागत नाही ना हे बघत.

एका दुपारी एक म्हातारी आली. अंगात मोठ्या मापाचा स्वेटर, डोळ्यांना जाड भिंगांचा चष्मा, हातात पिशवी. इकडे तिकडे न बघता ती थेट त्या मोठ्या चित्रासमोर जाऊन उभी राहिली. चित्राखालचं नाव तिने ओठ हलवत वाचलं आणि तिथल्या व्यवस्थापक बाईंना मोठ्याने विचारलं, "हे कोणी काढलंय?"

व्यवस्थापक बाईंनी खुर्चीकडे बोट दाखवलं. म्हातारी तरातरा त्याच्यापाशी आली.

"तुम्हीच का ते? कोणी नाही म्हणे! मी काय भूत आहे?"

तो गडबडून उठला. "काय झालं, मावशी?"

"मी राहते तिथे! तिसऱ्या मजल्यावर. नवरा असल्यापासून राहते. खालच्या दुकानदाराने पेपर दाखवला. म्हणाला, आजी, तुमची बिल्डिंग छापून आली, आणि खाली लिहिलंय कोणी नाही. मी म्हटलं, बघूच कोण शहाणा आहे तो."

"मावशी, मला माहीत नव्हतं. म्हणजे, मला तिथे कोणी दिसलं नाही."

"दिसलं नाही?" म्हातारीने त्याच्या बाहीला धरून त्याला चित्रापाशी ओढतच नेलं. "मग हे काय आहे?"

तिचं बोट तिसऱ्या मजल्यावरच्या डावीकडच्या खिडकीवर होतं. काचेमागे नखाएवढा फिकट तपकिरी डाग. त्यात पांढरे दोन ठिपके. ते ठिपके त्याला चांगलेच आठवत होते. चुन्याचे शिंतोडे समजून त्याने ते भिंगातून बघत, श्वास रोखून काढले होते, आणि जमल्यावर स्वतःवरच खूश झाला होता.

"हा माझा चष्मा," म्हातारी म्हणाली. "आणि ही मी."

एकदा कळल्यावर तो डाग पुन्हा डाग होईना. कपाळ दिसलं, गाल दिसला, एका बाजूला कललेली मान दिसली. माणूस काढला होता त्याने! महिनोन्महिने उलटा टांगून, झाकून, कण न् कण जसाच्या तसा उतरवला होता, आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता.

"तीन रविवार आलात," म्हातारीचा आवाज आता उतरला होता. "मला वाटलं, मोजमाप घेणारे असतील, पाडायला आलेले. मग वाटलं, नाही, बिचारा एकटाच थंडीत उभा आहे. मी वरून हाक मारली, अहो, चहा घेता का? तुम्ही वर बघितलंत, अगदी माझ्याकडे. आणि कॅमेरा डोळ्याला लावलात. तीनही वेळा चहा जास्तीचा टाकला होता मी. मीच प्यायले."

म्हातारीने पिशवी सावरली. "नाव तेवढं बदला," म्हणाली, आणि जशी आली तशी निघून गेली.

आता माणसाचं मन कसं असतं बघा. लाज वाटायला हवी होती, ती वाटलीही. पण तिच्या मागोमाग दुसरा विचार आला, की चित्रात माणूस आहे! घरी पोचल्या पोचल्या त्याने बायकोला फोन लावला.

"काढलंय माणूस," तो म्हणाला.

"काय सांगता! खरंच? कोण?"

"बाई आहे एक. म्हातारी. खिडकीत उभी आहे."

"अगंबाई! तुम्ही तिला समोर बघून काढलंत?"

"हो," तो म्हणाला.

"कोण हो ती? एकटीच असते का? काय करते? बोलते का तुमच्याशी?" बायकोचा आवाज असा फुलला होता, की तो त्याने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. तिचे प्रश्न संपेचनात.

"चष्मा आहे तिला," तो म्हणाला.

"आणि?"

"जाड भिंगांचा."

काउंटरवर उभा जन्म गेलेली बाई ती, बनावट सही तिला लांबून कळायची. "बरं," ती म्हणाली. आवाज पुन्हा नेहमीचा झाला होता. "ठेवते."

दुसऱ्या दिवशी तो चाळीवर गेला, कॅमेरा न घेता. जिन्याच्या पायऱ्या खचलेल्या, कठड्याची फक्त भोकं उरलेली. तिसऱ्या मजल्यावर एकच दार पुसलेलं होतं.

"आलात?" म्हातारी म्हणाली. "बसा. टाकते चहा."

खोली लखलखीत होती. फळीवर डबे उतरत्या उंचीने मांडलेले. मागच्या भिंतीवर ओलीचा मोठा पट्टा, त्याचा खालचा भाग कॅलेंडरने झाकलेला. चहा कान तुटलेल्या कपातून आला. त्याने तो संपवला, आणि मग बायकोने विचारलेले सगळे प्रश्न एकेक करून विचारले. म्हातारी बोलायला लागली ती थांबेचना. साबणाच्या कारखान्यात वड्यांना कागद गुंडाळायचं काम करायची ती. हाताला अजून सवय होती. बोलता बोलता तिने चार बिस्किटं घेतली, वर्तमानपत्राचा तुकडा घेतला आणि न बघता अशी पुडी केली, की कोपरा कोपऱ्याला चिकटून बसला. एकेकाळी या जिन्यावर एवढी पोरं असायची, की पाणी घेऊन वर यायचं म्हणजे दिव्य. आता सगळी बिऱ्हाडं गेली. चाळ पडणार होती, पुतण्या येऊन तिला घेऊन जाणार होता, महिनाअखेर.

"एकटं राहायचं मला काही नाही रे," आता ती अरेतुरेवर आली होती. "पण दिवसभर तोंडातून शब्द जात नाही. संध्याकाळी मुद्दाम खोकून बघते, आवाज आहे की गेला."

त्याने मान हलवली. फ्रिजची गोष्ट त्याच्या ओठांवर आली होती, पण तो बोलला नाही.

त्याने तिला आपली पद्धत सांगितली, उलट्या फोटोची. म्हातारी पदर नसताना पदर शोधल्यासारखा स्वेटर तोंडाला लावून हसली. "उलटी टांगलीस मला? आणि वर म्हणतोस दिसली नाही!"

"मावशी, तुमचं चित्र काढू का? नीट, समोर बसून?"

"काढ की. पण सुलटी काढ हो!"

"रविवारी येतो."

"ये. चहा टाकून ठेवते. या वेळी हाका मारायला लावू नकोस."

त्या दिवशी त्याने बायकोला फोन केला नाही. चित्र झालं की एकदमच सांगायचं, असं त्याने ठरवलं. आठवडाभर तो नव्या उमेदीने कागद कापत होता, पेन्सिली तासत होता. न्हाव्याकडे जाऊन केसही कापून आला. न्हाव्याने चौकशी केली तर म्हणाला, "एका बाईंकडे जायचंय." गल्लीला चार दिवस पुरेल असा विषय मिळाला.

रविवारी तो जिना चढून वर गेला, तर दारावर दोन फळ्या आडव्या ठोकलेल्या. त्याने हाक मारली, "मावशी!" मग पुन्हा मारली. आतून काही आलं नाही.

खालचा दुकानदार म्हणाला, "आजी गेल्या की गुरुवारीच. पुतण्या टेम्पो घेऊन आला, लवकर सुट्टी मिळाली म्हणाला. रडत होत्या हो. तुमच्यासाठी हे ठेवलंय. भिंतींची चित्रं काढणारे कोणी येतील, त्यांना द्या म्हणाल्या."

वर्तमानपत्राची पुडी होती, कोपरा कोपऱ्याला चिकटून बसलेला.

"कुठे गेल्या? पत्ता?"

"ते नाही विचारलं बुवा. तुम्हाला माहीत असेल असं वाटलं."

घरी येऊन त्याने पुडी टेबलावर ठेवली आणि कागद पुढे ओढला. चित्र काढायचंच होतं. तासभर तर बसला होता तिच्यासमोर, अगदी गुडघ्याला गुडघा लावून. त्याने सुरुवात केली. फळी आली, डबे आले. कप आला, तुटक्या कानासकट. मागची ओल आली, कॅलेंडरच्या वरून जिथे ती फाटा फुटून दोन्हीकडे गेली होती तिथपर्यंत. स्वेटर आला. पुडी करणारे हातही आले. मग तो चेहऱ्यापाशी आला आणि पेन्सिल थांबली.

चेहरा नव्हता. नाक कसं होतं? ओठ पातळ की जाड? हसली तेव्हा डोळे बारीक झाले की नाही? त्याने डोळे मिटले, आणि पुढे आली ती चष्म्याची भिंगं आणि त्यांच्या मागची भिंत. तो तासभर तिच्या मागच्या भिंतीकडेच बघत बसला होता. बाई आयुष्य उलगडून सांगत होती आणि याचे डोळे ओलीवर.

त्याने दुसरा कागद घेतला आणि बायकोचा चेहरा काढायला बसला. निदान हा तरी! इतकी वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ डोळ्यांसमोर होता. चष्म्याची काडी आली, तिने दोरा गुंडाळून बसवलेली. केसांची पिन आली. तिची बसायची खुर्ची आली, खुर्चीमागचा रंग उडालेला कोपरा आला, अगदी जसाच्या तसा. मध्ये कागद कोराच राहिला.

फोटोंचा अल्बम कपाटात होता. तो उठला, कपाटाच्या कडीला हात लावला. आणि मग हात मागे घेतला. त्याने पुडी खिशात टाकली, चपला घातल्या आणि सरळ गाडी पकडली. स्वयंपाकघरातला दिवा चालू ठेवायचं त्या दिवशी त्याला सुचलंच नाही.

दुपार कलली होती तेव्हा तो मुलीच्या दारात पोचला. बेल वाजवली. दार बायकोनेच उघडलं, हाताला पीठ लागलेलं.

"अगंबाई, तुम्ही? काय झालं? बरे आहात ना?"

तिच्या मागे भिंत होती, बहुतेक हिरवट रंगाची, तिच्यावर काहीतरी टांगलेलंही होतं. तिकडे जाऊ पाहणारी नजर त्याने निकराने अडवून धरली. तो तिच्याकडे बघत राहिला. कपाळ बघितलं, भुवया बघितल्या, त्यातली एक जराशी वर. तोंडाच्या कडेच्या दोन रेघा. गालाचं हाड.

"अहो, असं काय बघताय? आत या."

"थांब," तो म्हणाला. "हलू नकोस जरा."

ती खरंच हलली नाही. बोललीही नाही. त्याने हात पुढे केला आणि तिच्या हनुवटीखाली, डाव्या बाजूला, बोट टेकवलं.

"हा तीळ कधी आला गं?"

बायको त्याच्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं की राग, ते त्याला ओळखता येईना. त्याची सवयच नव्हती.

"जन्मापासून आहे," ती म्हणाली, आणि पीठ लागलेल्या हाताने दार पूर्ण उघडून बाजूला झाली.